नॉर्वेजियनचे लांबलचक जोडशब्द: मागून वाचायचे, पुढून बोलायचे

नॉर्वेत नवीन आलात की सुरुवातीला जी सरकारी आणि ऑफिसची पत्रं हातात पडतात त्यातच हे शब्द भेटतात. ओपहोल्सतिल्लातेल्से म्हणजे राहण्याचा परवाना, आर्बाइत्सआवताले म्हणजे नोकरीचा करार, ह्यूसलॅयेकुन्त्राक्त म्हणजे घरभाड्याचा करार आणि फोत्सेल्सनुम्मर म्हणजे तो ११ आकडी नंबर ज्याच्याशिवाय तिथं पान हलत नाही (पहिले ६ आकडे जन्मतारखेचे, पुढचे ५ तुमचे स्वतःचे). बघून वाटतं की ही भाषा आपल्याला काही झेपायची नाही, पण यातला एकही शब्द तसा अवघड नाहीये, नुसता लांब आहे, आणि लांब आहे कारण नॉर्वेजियन लोक दोन-तीन साधे शब्द मधे जागा न सोडता सरळ जोडून लिहितात. आपण आगगाडी, देवघर, पोळपाट म्हणतो तेच, फक्त ते लोक थांबत नाहीत.

एकच सूत्र डोक्यात ठेवा. अर्थ आणि लिंग शेवटच्या तुकड्यात असतं, जोर पहिल्या तुकड्यावर असतो. म्हणजे वाचायचं मागून आणि बोलायचं पुढून. बाकी सगळा तपशील आहे, तो खाली पायरी-पायरीनं देतोय.

त्याआधी एक सूचना, मी नॉर्वेजियन शब्द देवनागरीत लिहितोय ते अंदाजे उच्चार आहेत. त्यांचे काही स्वर आपल्याकडे नाहीतच, उदाहरणार्थ घराला जो शब्द आहे तो मी ह्यूस लिहिलाय पण त्यातला स्वर ऊ आणि ई यांच्या मधला कुठंतरी आहे, तो कानानंच शिकायचा. आणि ज्या सिलॅबलच्या (एका स्वराभोवतीचा उच्चार म्हणजे एक सिलॅबल) आधी ' अशी खूण आहे तिथं मुख्य जोर.

पायरी १: शब्द फोडा

शब्द डावीकडून अक्षर-अक्षर वाचत बसू नका. आधी ओळखीचा तुकडा शोधा, बहुतेक वेळा तो शेवटी सापडतो. ह्यूसलॅयेकुन्त्राक्त घ्या. शेवटी कुन्त्राक्त दिसतंय, म्हणजे कसलातरी करार आहे. आता पुढं काय उरलं, ह्यूस म्हणजे घर आणि लॅये म्हणजे भाडं. झालं, घर-भाडं-करार. ओपहोल्सतिल्लातेल्से पण तसंच, शेवटी तिल्लातेल्से म्हणजे परवानगी, आधी ओपहोल म्हणजे वास्तव्य, आणि मधे एक स आलाय तो कुणाचाच नाही, नुसता सांधा आहे.

हा मधला स कधीकधी घोळ घालतो. लान म्हणजे देश किंवा जमीन. लानस्तेद म्हणजे गावाबाहेरचं घर, त्यात स हा स्तेद (जागा) या शब्दाचा स्वतःचा आहे. लान्सलाग म्हणजे देशाची टीम, फुटबॉलची वगैरे, तिथं स सांध्याचा आहे आणि शब्द लाग आहे. पण कुणी म्हणेल की तो लान + स्लाग का नाही, कारण स्लाग म्हणजे लढाई असा पण शब्द आहेच. तर नियम असा नाही, संदर्भ बघायचा, दोन्ही पद्धतीनं फोडून बघायचं आणि ज्याचा अर्थ लागतो ते घ्यायचं. स्पोर्टच्या पानावर लढाई नसणार हे उघड आहे.

पायरी २: शेवटच्या तुकड्याला विचारा तू कोण

ह्यूसबोत म्हणजे हाउसबोट, बोतह्यूस म्हणजे बोटी ठेवायची शेड. तेच दोन शब्द, क्रम उलटा, वस्तू वेगळी. शेवटी बोत असेल तर ती बोट, शेवटी ह्यूस असेल तर ते घर.

लिंगाचं पण तसंच आणि इथं मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. आपण आगगाडीला 'ती' म्हणतो कारण गाडी 'ती', देवघराला 'ते' म्हणतो कारण घर 'ते', आग आणि देव काय आहेत याच्याशी देणंघेणं नाही. नॉर्वेजियनमधेही तीन लिंगं आहेत, एन (पुल्लिंग), ॲइ (स्त्रीलिंग) आणि एत (नपुंसकलिंग), आणि जोडशब्दाचं लिंग हे शेवटच्या तुकड्याचं. बोत हा एन म्हणून ह्यूसबोतही एन, आणि 'ती ठराविक हाउसबोट' म्हणायचं असेल तर ह्यूसबोतेन. ह्यूस हा एत म्हणून 'ती ठराविक शेड' म्हणजे बोतह्यूसे (लिहिताना शेवटी त असतो, बोलताना गायब). अनेकवचनही शेवटच्या तुकड्यासारखंच. म्हणजे नवीन जोडशब्दाचं लिंग वेगळं पाठ करायची गरजच नाही, क्लासमधे लोक याद्या करत बसतात ते बघून मला नवल वाटतं.

मात्र एक गोष्ट, दोन तुकड्यांचं आपसात नातं काय हे शब्द सांगत नाही, ते तुम्ही ओळखायचं. मुलाला बाणेहागेत म्हणजे तिथल्या बालवाडीत घातलंत की ते लोक कपड्यांची यादी देतात, ती वाचली की कळेल. तॉय म्हणजे कपडे. रॅइनतॉय म्हणजे पावसापासून वाचवणारे कपडे, उल्लतॉय म्हणजे लोकरीपासून बनवलेले कपडे, शिफ्तेतॉय म्हणजे बदलायचे जादा कपडे. तिन्हीत तॉय तेच पण पहिल्या तुकड्याचं काम प्रत्येक ठिकाणी वेगळं. आपल्या तत्पुरुषात विग्रह करताना कधी चतुर्थी कधी तृतीया लागायची तेच हे, शाळेत मार्क घालवणारं प्रकरण इथं कामी येतं. ती यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा, जोडशब्दांचा एवढा चांगला सराव दुसरीकडं मिळणार नाही.

पायरी ३: मधला सांधा

तीन प्रकार. काहीच नाही (ह्यूसबोत), स (आर्बाइत्सआवताले), किंवा ए (युलेगावे म्हणजे ख्रिसमसची भेट, युल + ए + गावे). कुठं काय हे पूर्णपणे नियमात बसत नाही. लान या एकाच शब्दाचं बघा, लानब्र्यूक म्हणजे शेती, लान्सलाग म्हणजे राष्ट्रीय संघ, लान्नेवॅइ म्हणजे हमरस्ता. एकच शब्द, तिन्ही प्रकार. त्यामुळं शब्द पाठ करताना सांध्यासकट करायचा.

तरी दोन गोष्टी बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत. पहिली, पहिला तुकडा शून, हेत, दोम, स्काप, इंग, तेत यांनी संपत असेल तर स येतो असं धरून चाला. स्ता'शून्समेस्तर (स्टेशनमास्तर), शॅरलीहेत्सब्रेव (प्रेमपत्र), उंगदोम्सस्कूले (आठवी ते दहावीची शाळा), फॉ'षिक्रिंग्ससेल्स्काप (विमा कंपनी). शेवटच्या दोन शब्दांत स दोनदा लिहायचा, एक सांध्याचा आणि एक पुढच्या शब्दाचा, नवीन माणूस हमखास एक खातो.

दुसरी जास्त मजेशीर आहे. पहिला तुकडा स्वतःच जोडशब्द असेल तर बरेचदा तिथं स घालतात, आधी नसला तरी. वीनग्लास्स म्हणजे वाइनचा ग्लास, सांधा नाही. पण रोवीन म्हणजे रेड वाइन, आणि तिचा ग्लास रोवीन्सग्लास्स. तो स सांगतो की फोड कुठं आहे, म्हणजे ग्लास लाल नाही, वाइन लाल आहे. अपवाद आहेत (बाणेहागेच्या पुढं काही लावलं तरी स येत नाही, बाणेहागेप्लास्स म्हणजे बालवाडीतली जागा), पण लांब शब्दात मधे अचानक स दिसला तर मोठी फोड बहुतेक तिथंच असते.

पायरी ४: सिलॅबल मोजा, लांबी सांभाळा

जितके स्वर तितके सिलॅबल, ॲइ, ऑय, आउ असे जोडस्वर एकच धरायचे. इथवर सोपं. खरी गोष्ट लांबीची आहे. जोर असलेल्या सिलॅबलमधे एकतर स्वर लांब आणि व्यंजन आखूड, नाहीतर स्वर आखूड आणि व्यंजन जोरकस, दोन्ही आखूड चालत नाही. ताक म्हणजे छप्पर, ताक्क म्हणजे थँक्यू. आपली माणसं दुकानात छान हसून 'ताक' म्हणतात, म्हणजे मराठीत ऐकलं तर मठ्ठा आणि नॉर्वेजियनमधे छप्पर. पक्का, कच्चा म्हणताना आपण जसा आखूड स्वर आणि त्यावर दाबून व्यंजन घेतो तसंच ताक्क म्हणायचं, म्हणजे हे आपल्याला येतंच, फक्त वापरत नाही. इ-उच्या ऱ्हस्वदीर्घाचं मात्र बोलीतून आपण जवळपास पाणी सोडलंय, त्यामुळं तिथं कान तयार करावा लागतो.

जोडशब्दात ही लांबी दुसऱ्या तुकड्यातही टिकते. ह्यूसताक म्हणजे घराचं छप्पर, जोर ह्यूसवर असला तरी ताकचा आ लांबच राहिला पाहिजे. बऱ्याच जणांना कळतं की जोर पहिल्यावर द्यायचा, मग ते पहिला तुकडा ओरडतात आणि दुसरा गिळून टाकतात, समोरच्याला अर्धाच शब्द पोचतो. आणि अर्थ तर दुसऱ्या तुकड्यात आहे! म्हणून दुसरा तुकडा हळू आवाजात पण पूर्ण.

व्यंजनांचा ढीग आला तर (वेक्स्तशिफ्ते म्हणजे पिकांची फेरपालट, मधे बघा किती व्यंजनं आली) मधे अ घुसडू नका, वेक्सतऽशिफ्ते नाही. वेक्स्त पूर्ण करा, क्षणभर टेका, मग शिफ्ते.

आता आपल्या फायद्याची गोष्ट, ही इंग्रजीवाल्यांना रडवते. ऑस्लो आणि पूर्व-उत्तर नॉर्वेत र च्या मागं त, द, न, ल, स आला की दोन्ही मिळून आपले ट, ड, ण, ळ, ष होतात. मूल म्हणजे लिहिताना बार्न, बोलताना चक्क बाण. ऑस्लोच्या मुख्य रस्त्याचं नाव बोलताना काळ यु'हान. नकाशा काट. आणि हे जोडाच्या सांध्यावरही होतं, विन्तर (हिवाळा) + स्कू (बूट) = विन्तेष्कू, विन्तर + द्रेस = विन्तेड्रेस, उन्नर + तॉय = उनेटॉय. त्यामुळं कानाला सांधा सापडत नाही, ट-ड-ण ऐकू आला की तिथं र लपलाय असं समजा. बर्गन, स्तावांगर, क्रिस्तियानसान भागात मात्र र घशातून काढतात, तिथं हे होत नाही, बार्न ऐकू येईल.

पायरी ५: जोर

हे सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच जोरानं म्हणतो, जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. तिथं बदलतो. 'नोष्कलॅरर असा एका जोरात म्हटलं तर नॉर्वेजियन भाषा शिकवणारा, आणि 'नोष्क 'लॅरर असे दोन जोर दिले तर नॉर्वेचा नागरिक असलेला शिक्षक. म्हणजे नोष्कलॅरर सांगलीचाही असू शकतो. 'स्तूरब्यू म्हणजे महानगर, स्तूर 'ब्यू म्हणजे नुसतं मोठं शहर. आपण सपाट बोललो की समोरचा माणूस दोन शब्द ऐकतो आणि गोंधळतो, व्याकरण सगळं बरोबर असून 'काय म्हणालात?' येतं ते बरेचदा याच्यामुळं.

कृती अशी. पहिला तुकडा एकटा म्हणा आणि त्याचा स्वतःचा जोर कुठं आहे बघा. मग सगळा शब्द म्हणा, जोर तिथंच ठेवा. लक्षात घ्या, पहिल्या तुकड्यावर म्हणजे पहिल्या सिलॅबलवर असं नाही! मूळ नॉर्वेजियन शब्दांत जोर पहिल्या सिलॅबलवर असतो, पण बाहेरून आलेल्या शब्दांत पुष्कळदा शेवटी असतो: स्ता'शून, उनिवॅषि'तेत, बा'नान. आणि बे, फॉर असे उपसर्ग जोर घेत नाहीत, वरचा फॉ'षिक्रिंग बघा. (ऑस्लोच्या पूर्व भागातल्या जुन्या बोलीत 'बानान ऐकू येतं, ते ऐकून घाबरू नका, पण तुम्ही तसं बोलायची गरज नाही.)

म्हणून 'तोगस्ताशून (रेल्वे स्टेशन) मधे जोर तोगवर, शून दुय्यम होतो पण लांबी राखतो. उलट स्ता'शून्समेस्तर मधे स्ताशून पुढं आल्यामुळं जोर शून्सवर. ऑस्लो मेट्रोत बसलात तर फुकट सराव होतो, अनाउन्समेंट ऐका: नाशु'नालतेआत्रे, मा'यूष्ट्यूएन, 'यॅणबानेतोर्गे. पहिल्या दोन्हीत जोर दुसऱ्या-तिसऱ्या सिलॅबलवर पडतोय कारण नाशु'नाल आणि मा'यूर हे मूळ शब्दच तसे आहेत, तिसरा अस्सल नॉर्वेजियन यॅण (लोखंड) पासून म्हणून सुरुवातीलाच.

अपवाद असतातच, आणि ते रोजच्या वापरातलेच निघतात. शहरांची नावं क्रिस्तियान'सान आणि क्रिस्तियान'सुन, जोर मागं. ख्रिसमसची संध्याकाळ युल'आफ्तन, गुड फ्रायडे लांग'फ्रेदाग. आकडे पण, २५ म्हणजे श्यूए'फेम, जोर पाचावर. आकड्यांची ही पद्धत १९५१ मधे अधिकृत झाली, आधी आपल्या पंचवीससारखं 'पाच आणि वीस' म्हणायचे, आणि म्हातारी माणसं अजूनही तसं म्हणतात, फोन नंबर लिहून घेताना सावध राहा.

पायरी ६: सूर, सध्या सोडून द्या

नॉर्वेजियन गाण्यासारखी वाटते कारण जोराच्या सिलॅबलवर दोन प्रकारचे सूर असतात. शेतकरी लोक आणि राजम्यासारख्या बिया, दोन्ही उच्चारात बोन्नर, फरक फक्त सुराचा. जोडशब्दांना पण एक ना एक सूर असतो, ए सांधा असेल तर बहुतेक दुसरा, स असेल तर बरेचदा पहिला. पण काही बोलींत हा फरकच नाही आणि त्यांचं काही अडत नाही, तेव्हा तुमचंही अडणार नाही. जोर आणि लांबी जमली की सूर ऐकून ऐकून येतो.

पायरी ७: लिहिताना जोडून

इंग्रजीच्या सवयीनं आपण जागा सोडतो, आणि नॉर्वेजियन लोकही सोडतात, त्याला ते सॅरस्क्रीविंग म्हणतात आणि त्यावर हसतात आणि चिडतातही. लाम्मेलोर म्हणजे कोकराची मांडी, मटणाच्या काउंटरवर मिळते. मधे जागा सोडली की लाम्मे लोर, लुळ्या मांड्या. रॉइकफ्रित्त म्हणजे धूम्रपान निषिद्ध, आणि रॉइक फ्रित्त लिहिलं तर बिनधास्त ओढा. फोनचा ऑटोकरेक्ट बरोबर जोडलेल्या शब्दाखाली पण लाल रेघ मारतो, त्याचं ऐकू नका. बोलताना एकच मुख्य जोर येतोय का ते बघा, येत असेल तर बहुधा जोडून लिहायचं.

दोन बारीक नियम. जोडताना एकच व्यंजन सलग तीनदा आलं तर एक गाळायचं: नात्त (दोन त) + तोग, म्हणजे रात्रीची गाडी, लिहिताना दोनच त. ब्युस्स + शोफोर (बस ड्रायव्हर) मधे पण तीन एसचे दोन. ओळ संपली म्हणून शब्द तिथंच तोडावा लागला तर गाळलेलं परत येतं. आणि आडवी रेघ, ती आयटी-, टीव्ही- अशा संक्षेपांनंतर लागते, आणि दोन जोडशब्दांचा शेवट एकच असेल तर पहिल्याचा शेवट गाळून रेघ ठेवतात. बसच्या वेळापत्रकावर 'सोन- ओ हेलीदागर' दिसेल, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, दाग हा तुकडा दोघांत मिळून एकदाच.

पायरी ८: डिक्शनरी

बूकमोल्सऊर्बूका (बूकमोल या जास्त चालणाऱ्या लिखित नॉर्वेजियनची डिक्शनरी) नेटवर फुकट आहे, भाषा परिषद आणि बर्गन विद्यापीठाची, तिच्यात लिंग आणि रूपं मिळतात. प्रत्येक जोडशब्द तिथं सापडणार नाही, कारण लोक रोज नवे बनवतात, आणि सापडला नाही म्हणजे चुकीचा असंही नाही. अशा वेळी शेवटचा तुकडा शोधा, लिंग तिथून घ्या, मग पहिला तुकडा शोधा, मग सांधा. सांध्याची शंका असेल तर तोच पहिला तुकडा असलेले दुसरे जोडशब्द बघा, आर्बाइद नं सुरू होणारे पाचपन्नास शब्द तिथं ओळीनं दिसतात आणि जवळपास सगळ्यांत स आहे, मग तुमच्या शब्दातही तोच घाला. उच्चारासाठी नॉर्वेजियन अकादमीची डिक्शनरी जास्त बरी, तिच्यात जोर कुठं ते दाखवलेलं असतं. आणि पश्चिमेच्या फ्योर्डांकडं राहायला गेलात तर पत्रं बरेचदा नीनोष्कमधे (नॉर्वेजियन लिहिण्याची दुसरी अधिकृत पद्धत) येतील, तिथं हॉस्पिटलच्या शब्दात सीके ऐवजी श्यूके दिसेल, शेवटचा तुकडा मात्र ह्यूसच, आणि एतच.